अकरा पेपरांतला लिटमस

बारावीचा निकाल लागला, तेव्हा बाबनरावांच्या क्लासमधल्या अकरा जणांच्या नावापुढे गुणच नव्हते. ‘राखून ठेवला’ असा शिक्का होता. साल एकोणऐंशी, बारावीची परीक्षा अजून नवीनच. राखून ठेवला म्हणजे पास की नापास, हेसुद्धा पाचपावलीच्या वस्तीत कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवशी त्या अकरांतली पुष्पलता चौकशीचं पत्र घेऊन क्लासमध्ये शिकवणाऱ्या गोपिकाच्या दारात उभी राहिली. पुष्पलताचा बाप हातमागावर लुगडी विणायचा आणि बारावीपर्यंत पोहोचलेली घरातली ती पहिलीच. डी.एड.चा फॉर्म भरायला नऊ दिवस उरले होते आणि फॉर्मला गुणपत्रिका लागत होती. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं तिच्या बाबतीत नव्हतं. कुही गावचं एक स्थळ बापाने निकालापर्यंतच थांबवून ठेवलं होतं.

पत्रात लिहिलं होतं, तर्कशास्त्राच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर अकराही पेपरांत शब्दाला शब्द एकच आहे आणि ते चुकीचं आहे. सबब नक्कल झाल्याचा संशय.

गोपिका रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. क्लासचे तर्कशास्त्राचे मास्तर कन्हानला नोकरीवर गेले, तेव्हा बाबनरावांनी तिला विचारलं आणि तिनेही, त्यात काय अवघड, म्हणून हो म्हटलं. तर्कशास्त्र आणि इतिहास मिळून तिने उजळणीचे चाळीस निबंध लिहिले, सायक्लोस्टाईल करून वाटले आणि पाठ करा म्हणून सांगितलं.

तिने गठ्ठा काढला. अकरावा निबंध, अनुमानावरचा. ‘आम्ल असेल तर निळा लिटमस लाल होतो. लिटमस लाल झाला आहे. म्हणून हे आम्ल आहे. अनुमान वैध.’

ती ओळ तिने तीनदा वाचली. प्रयोगशाळेत तीन वर्षं तिने हेच केलं होतं आणि दरवेळी आम्लच निघालं होतं. पण आम्ल निघतं की नाही, हे तर्कशास्त्र विचारत नाही. आम्लाने लिटमस लाल होतो एवढंच पहिल्या वाक्यात होतं. दुसऱ्या कशानेही होत नाही, असं कुठे लिहिलं होतं? वाक्यं खरी होती आणि अनुमान अवैध. 

चौकशीला जाऊन खरं ते सांगते, हे तिचं म्हणणं बाबनरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुठल्यातरी गाईडातून पाठ केलं म्हणून सांगा, असं त्यांनी पोरांना आधीच शिकवून ठेवलं होतं.

“नक्कल ठरली त पोरं पुढच्या साली बसतीन,” ते म्हणाले. “नोटा चुकल्या असं ठरलं त माही क्लास बसते. तुम्ही काहून जाता बाई? तुमाले कोनी बलावलं काय?”

बोलावलं नव्हतंच. तरी चौकशीच्या दिवशी ती पुष्पलताबरोबर बोर्डाच्या कचेरीत गेली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. आत तिघे होते. अध्यक्ष महादेवराव, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या उजवीकडे तर्कशास्त्राचे परीक्षक, आणि कोपऱ्यात टिपणं घेणारे एक गृहस्थ. खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली होती आणि वारा खेळावा म्हणून दार उघडंच होतं. बाहेर शब्द न् शब्द ऐकू येत होता.

पुष्पलताने गाईडचं नाव घेतलं नाही. क्लासच्या नोटातून पाठ केलं म्हणाली.

“लिटमस म्हणजे काय?” परीक्षकांनी विचारलं.

गोपिका बाकाच्या कडेला सरकली.

“मले माहीत नाही, सर.”

“पाहिला आहेस कधी?”

“नाही.”

“म्हणजे जे पाहिलं नाही, माहीत नाही, ते अकरा जणांनी एकाच शब्दांत लिहिलं. आणि आम्ही काय समजायचं?”

गोपिका उठली आणि न विचारता आत गेली. आपलं नाव सांगून तिने अकरावा निबंध टेबलावर ठेवला. ही चूक माझी आहे, म्हणाली. मुलांनी ती प्रामाणिकपणे पाठ केली.

महादेवरावांनी कागद उलटसुलट केला. हा काल रात्री लिहिला नाही कशावरून, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्त भीती वाटली.

“नक्कल केली तर उत्तरं सारखी येतात,” ती म्हणाली. “इथे उत्तरं सारखी आहेत. पण एवढ्यावरून नक्कल झाली असं निघत नाही, सर.”

परीक्षकांनी मान वर केली. “तुमच्या नोटात तर असंच निघतं, बाई.”

“हो. त्यात चुकलेय. तुम्हीही तसंच करू नका.”

टिपणं घेणाऱ्या गृहस्थांचं पेन थांबलं. आपण फार बोललो, असं गोपिकाला वाटलं.  मग ती सावकाश म्हणाली, एक चाचणी घ्या. आमच्या विरुद्धही जाऊ शकेल अशी. हा चाळीस निबंधांचा गठ्ठा आहे. परीक्षेत न आलेला कुठलाही काढा आणि हिला विचारा.

महादेवरावांनी मधूनच सत्ताविसावा ओढला. “फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे.”

पुष्पलताने तोंड उघडलं आणि मिटलं. पहिलं वाक्य येईना. गोपिकाला ते पाठ होतं. तिने ओठ घट्ट आवळून धरले.  परीक्षक खुर्चीत मागे रेलले.

“सर,” पुष्पलता म्हणाली, “हात चालवू काय? मी मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता पाठ करतो. बसून आठवून नाही राह्यलं.”

कसला हात चालवायचा, हे अध्यक्षांना कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. तिने डाव्या हाताची चिमूट सूत धरल्यासारखी केली आणि उजव्या हाताने हवेत चाक फिरवायला लागली. दोन फेरे मुक्याने गेले. तिसऱ्याला वाक्य आलं. फ्रान्सचा खजिना रिकामा, कराचा भार गरिबांवर, सरदार आणि धर्मगुरू मोकळे. हात जसा वेग घेई तशी वाक्यं सुटत होती. महादेवरावांचं बोट कागदावरून तिच्यामागे धावत होतं.

“पीक बुडाले, पावाचे भाव चढले कृपया मागे पहा आणि पॅरिसमधील जनता रस्त्यावर आली,” ती म्हणाली आणि न थांबता पुढे गेली.

महादेवरावांचं बोट पानाच्या शेवटच्या ओळीवर होतं. तिथे ‘कृपया मागे पहा’ असंच लिहिलेलं होतं. त्यांनी पान उलटलं, दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

“पुरे, बेटा.”

परीक्षक हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. बाकीच्या दहा जणांनाही असंच विचारू, त्यांनाही आलं तर निकाल सोडण्याची शिफारस करू, असं ठरलं. हिचा आजच लिहून टाकतो, महादेवराव म्हणाले. मात्र चौथ्या प्रश्नाला सगळ्यांना शून्य, आणि चूक कुठून आली ते क्लासच्या आणि शिकवणारीच्या नावासकट अहवालात जाईल. अजून विचार करा, बाई, असंही ते म्हणाले. गोपिकाने टिपणाखाली पूर्ण नाव लिहून सही केली. उद्या बाबनराव आपल्याला क्लासच्या पायरीवरही उभं करणार नाहीत, हे तिला माहीत होतं.

बाहेर ऊन रणरणत होतं. पुष्पलता रडेल, पाया पडेल, अशी गोपिकाला धास्ती होती. पण ती कोपऱ्यापर्यंत झपाझप चालत गेली. मग थांबली.

“बाई, बाकीच्या एकोणचाळीसमधी किती चुका हायेत?”

गोपिकाने गठ्ठा छातीशी धरला होता. इतिहासाचे निबंध तिने आठ दिवसांत उरकले होते, दोन पुस्तकं समोर ठेवून.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

“मंग लवकर पाहा,” पुष्पलता म्हणाली. “मले सारे पाठ हायेत.”