हसू मात्र वयाचंच येतं

मी पोटासाठी उंदीर होते. कार्टूनमधला जो आगाऊ उंदीर मांजराच्या शेपटीला गाठ मारतो, त्याचा आवाज माझा. वय चव्वेचाळीस, गुडघे कुरकुरतात, पण माइकसमोर उभी राहिले की मी दहा वर्षांची आणि हाफ पँटमध्ये. आमच्या धंद्यात लहान मुलग्यांचे आवाज बायकाच काढतात, कारण खऱ्या मुलग्यांचा भरवसा नसतो. आज गोड बोलणारं पोर उद्या भोंग्यासारखं वाजायला लागतं.

माझ्या घरातलं पोर तसंच वाजायला लागलं. त्याला आम्ही ठोंब्या म्हणतो, तो चौदाचा आहे. एकदा जेवताना "पाणी दे" म्हणाला, तर "पा" तळघरातून आला आणि "णी" गच्चीवरून. मी लगेच त्याच आवाजात म्हटलं, "घे पाणी." नवरा हसला. नणंद आली होती, तिला ठसका लागला. म्हणून मी आणखी दोनदा करून दाखवलं. प्रेक्षक मिळाले की मला थांबता येत नाही, जित्याची खोड. ठोंब्या पाणी न पिताच उठला.

त्या दिवसापासून त्याने तोंडाला कुलूप घातलं. हो-नाहीला मान, बाकी सगळ्याला खांदे, आणि खोलीचं दार बंद. शाळेत पालकांसाठी व्याख्यान झालं. वयात येणाऱ्या मुलांशी मोकळा संवाद साधा, असं बाईंनी सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये बघत माना डोलावल्या. घरी येऊन नवऱ्याने संवाद साधला. "या वयात शरीरात बदल होतात," असं त्याने फ्रिजकडे बघत सांगितलं. ठोंब्याने फ्रिजमधून दूध घेतलं आणि निघून गेला.

गुरुवारी संध्याकाळी मी मटार सोलत स्पीकरवर माझंच रेकॉर्डिंग ऐकत होते. मध्येच उंदीर गप्प झाला आणि भलताच आवाज आला. ठोंब्याचा फोन चुकून स्वयंपाकघरातल्या स्पीकरला जोडला गेला होता आणि त्याला आलेला व्हॉइस मेसेज इथे वाजत होता.

"अरे यार, मिशीचा फोटो भारी होता. शनिवारी ये ना मैदानामागे, माझा काका गाडी घेऊन येईल. एकटा ये हां. घरी सांगू नको, परत हसतील तुला." आणि मग तो हसला.

बोलणं चौदाचं होतं, हसणं चाळिशीचं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक. आवाज ओढूनताणून लहान करता येतो, ते मी रोज करते. हसू मात्र आपल्या वयाचंच येतं. म्हणून तर उंदराचं हसणं मला घासूनपुसून वेगळं रेकॉर्ड करावं लागतं. शिवाय खऱ्या चौदाच्या पोराचा आवाज एका वाक्यात तीनदा घसरतो. हा पठ्ठ्या एकदाही घसरला नव्हता.

मी ओरडायला तोंड उघडूनच ठोंब्याच्या दाराकडे धावले. नवरा आडवा आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आत अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलंय.

"आत कोणी अडकलं," तो हळू म्हणाला, "की लिफ्टमध्ये शिरलास कशाला, असं विचारायचं नसतं. आधी आपण इथे आहोत एवढं सांगायचं."

एरवी हा माणूस दिवसाला चार शब्द बोलतो, त्यामुळे मी ऐकलं.

"ठोंब्या, मी इथे आहे," मी दाराला सांगितलं. "तुझ्या मित्राचं बोलणं बाहेर स्पीकरवर वाजलं. तो पोरगा नाही रे. मोठा माणूस आहे."

"तुला काय माहीत?" कित्येक दिवसांनी आवाज आला, तोही फाटका. "चौदाचाच आहे तो. आणि तो माझी नक्कल करत नाही."

हे बरोबर जागी लागलं. "मी केली," मी म्हटलं. "चुकलं माझं. तुला किती लागलं असेल ते मला तेव्हा कळायला हवं होतं."

मला रडायला येत होतं, पण मी रडले असते तर त्याला ते नाटकच वाटलं असतं, आमच्या घरात माझ्या अश्रूंना फारसा भाव नाही. मी डोळे पुसले, घसा आवळला आणि दाराला तोंड लावून म्हटलं, "अरे यार, शनिवारी ये ना. एकटा ये हां. घरी सांगू नको."

हुबेहूब जमलं. नवरा दचकून मागे सरला.

आत खुर्ची पडल्याचा आवाज झाला. "आई," ठोंब्या म्हणाला, "तो घरात आलाय?"

"दार उघड आणि बघ," मी माझ्या आवाजात म्हटलं.

दार उघडलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. समोर मटाराची टरफलं अंगावर घेऊन उभी असलेली त्याची आई, दुसरं कोणी नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तूच होतीस?"

"दाराआडून ओळखलंस का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मग खाली बघत म्हणाला, "मी त्याला शाळेचं नाव सांगितलंय." "शा" तळघरातून आला, "ळेचं" गच्चीवरून. नकलेची इतकी सोपी संधी चालून आलेली होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

नवऱ्याने फोन हिसकावला नाही. "काही पुसू नकोस, उत्तरही देऊ नकोस," एवढंच म्हणाला. "सगळं आहे तसं राहू दे. तिघं मिळून पोलिसांकडे जाऊ, आत्ताच."

"तू ओरडणार आहेस?" ठोंब्याने मला विचारलं.

"ओरडणार तर. पण त्या माणसाच्या नावाने, आणि चौकीत."

बूट घालताना तो म्हणाला, "तो आवाज परत काढू नकोस."

"नाही काढणार."

"माझाही."

"तुझा तर नाहीच."

त्याने नाडी बांधली, सोडली, परत बांधली. "उंदराचा चालेल," तो म्हणाला.

मी उंदीर काढायला गेले. उंदीर अर्ध्यातच फुटला आणि बेडकासारखं काहीतरी बाहेर पडलं. ठोंब्या हसला. हसू पोटातून निघालं, मध्ये फाटलं, वर जाऊन किंचाळलं. मी कान देऊन ऐकलं. चौदा वर्षांचंच होतं.