धाकट्याच्या नावावर

"दोन वर्षं झाली माझा लेक जाऊन, आणि ही बया अजून त्याच्याच नावावर बसून काम करतेय!" खुर्ची फरफटत सुनेच्या टेबलाशी आणत सासूबाई म्हणाल्या.

सुनेची बोटं कीबोर्डवर चालूच राहिली. दुपार कलली होती. खिडकीतलं ऊन टेबलांवर पाण्यासारखं हलत होतं. काचेपलीकडच्या गार खोलीत सर्व्हर घुमत होते. झोपेतल्या माणसाने कुणाच्या तरी गोष्टीला हुंकार देत राहावं तसे.

थोरला लेक, कंपनीचा मालक, आवाज ऐकून बाहेर आला.

"मी दहादा सांगितलं, आई. सर्व्हर सगळ्यांचा, पण त्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या नावाचा परवाना लागतो. धाकट्याचं नाव काढून त्याचा परवाना हिच्या नावावर होतो, एका अर्जाचं काम आहे. उद्या परवान्यांची तपासणी. आज अर्ज गेला नाही, तर हिला कामावर ठेवता येणार नाही मला."

"ऐकलंस? मी दुसरीतून शाळा सोडलेली, मला कळलं. तुला एवढं शिकून कळेना!"

सासूबाईंनी चष्मा पुसून स्क्रीनकडे पाहिलं. कामावर असलेल्यांच्या नावांची रांग होती. तिसरं नाव धाकट्याचं, शेजारी हजर असल्याचा हिरवा ठिपका. त्याच्या वह्यांवर पाहून पाहून तेवढं एक नाव त्यांच्या डोळ्यांत बसलं होतं. गेली दोन वर्षं रोज चारला त्या इथे यायच्या, त्या नावावर बोट टेकवून विचारायच्या, "आलाय ना गं?"

"आलाय, आई," सून म्हणायची. मग त्या पाणी पिऊन घरी जायच्या.

आताही बोट आपसूक उचललं गेलं आणि वाटेतच थांबलं. सून त्या बोटाकडेच पाहत होती.

"अर्ज कधीचा भरून ठेवलाय," ती हलकेच म्हणाली. "चार वाजतात, तुम्ही येता, आणि पाठवायचं राहून जातं."

थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं; चार वाजले होते.

सासूबाईंनी बोट मिटून मांडीवर ठेवलं. ऊन टेबलाच्या कडेपर्यंत सरकलं. मग त्यांनी सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं.

"तुझ्यासारखी खोटारडी सून दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही," त्या म्हणाल्या. "पाठव तो अर्ज माझ्यादेखत. आणि तुझं नाव कसं लिहितात, ते दाखव मला."