पुंजाराम ड्रेसरचं आभारप्रदर्शन

पदमपुऱ्यातला पुंजाराम साळवे टायफॉईडातून उठला तो चांगला बावीस दिवसांनी, आणि उठल्यावर त्यानं जो उद्योग मांडला तो पाहता आणखी आठ दिवस अंथरुणात राहिला असता तर गल्लीवर मेहेरबानी झाली असती.

तीस वर्षं त्यानं मिशनच्या दवाखान्यात महारोग्यांच्या जखमा धुतल्या होत्या. हुद्दा ड्रेसरचा, पगार बेताचा, पण हात असा की त्यानं बांधलेली जखम चिघळत नाही असं डॉक्टरही म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गल्लीत कुणाचं बोट कापलं तर माणसं आधी त्याच्याकडे येत. तो सगळ्यांचं करी, कुणाकडून गूळ-शेंगदाणेही घेत नसे, आणि खरं सांगायचं तर या न घेण्याची त्याला थोडी घमेंडही होती.

चर्चमध्ये दरवर्षी उपकारस्तुतीच्या रविवारी पाळकसाहेब बायबलातल्या त्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगत. दहाही बरे झाले, आभार मानायला परत आला एकटाच. पुंजाराम दरवर्षी मनातल्या मनात उरलेल्या नवांची बाजू घेई. बरा झालेला महारोगी कसा पळतो हे पाळकसाहेबांनी कुठं पाहिलं होतं? गाठोडं उचलून जो तो एस.टी. स्टँडकडे सुटायचा, कागदावर अंगठा उठवायलाही थांबायचा नाही. दहा वर्षांनी पोरांचं तोंड बघायला मिळत असताना आभार कसले मानत बसायचे?

यंदा मात्र त्याच्यानं नवांची बाजू घेववेना. कारण शनिवारी सरूबाईनं, त्याच्या बायकोनं, आजारात कुणी काय केलं ते त्याला सांगितलं होतं. शेजारच्या द्वारकाबाईनं रोज दोन भाकरी दिल्या. कडूबा किराणावाल्यानं न मागता साबुदाणा पाठवला. आणि पाणी? गल्लीच्या टोकाच्या सरकारी नळावरून रोज दोन घागरी भरून कुणी आणल्या, असं त्यानं विचारलं, तेव्हा सरूबाईनं पदर सारखा केला आणि मुबारकचं नाव घेतलं.

मुबारक टांगेवाला त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी मुबारकच्या बकरीनं पुंजारामच्या दारावरची नाताळची कागदी चांदणी खाल्ली, पुंजारामनं बकरीबरोबर मालकाच्या खानदानाचाही उद्धार केला, आणि तिथून जे तोंड बंद झालं ते झालंच. बकरी कधीच मरून गेली होती. अबोला मात्र धट्टाकट्टा होता.

याच मुबारकच्या डाव्या पायावर दोन महिन्यांपूर्वी घोड्यानं पाय दिला होता. त्या पायाला तो मळकं फडकं गुंडाळून लंगडत फिरायचा. वारा तिकडून आला की पुंजारामच्या नाकाला सगळं कळायचं. हे असंच चाललं तर नाताळापर्यंत पाय कापावा लागणार, आणि पाय गेला की टांगा गेला, पोट गेलं. शहरातला सगळ्यात चांगला ड्रेसर भिंतीपलीकडे झोपत होता आणि मुबारक त्याच्याकडे यायला तयार नव्हता. आणि त्याच पायानं त्यानं चव्वेचाळीस घागरी वाहिल्या होत्या. पुंजारामला त्या रात्री लाजेनं झोप लागली नाही.

रविवारी त्यानं ठरवलं, मुबारकचे आभार मानायचे आणि त्याचा पाय बघायचा. पण अकरा वर्षांच्या अबोल्यावर एकदम हात टाकायचा म्हणजे अवघड काम. आधी सोप्या माणसांवर हात बसवावा, म्हणून त्यानं सोमवारी सकाळी निवृत्तीच्या दिवशी घातलेला कोट काढून अंगात घातला, केसांना तेल लावलं आणि आरशासमोर हात जोडून पाहिले. सरूबाई म्हणाली, "असं हात जोडून दारोदार कोन जातंय? मयतीचं नायतर मतांचं मानूस." पण ऐकेल तो पुंजाराम कसला.

द्वारकाबाई तांदूळ निवडत होती. पुंजाराम तिच्या उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, की बाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आता, निजामाचं राज्य जाऊन वीसएक वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात निवडणुका लोकांच्या अंगवळणी पडल्या होत्या. आभार मात्र अजून पडले नव्हते. दोन भाकरींसाठी कुणी कोट घालून येतं? बाईला आधी वाटलं, तापानं याच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिला आठवलं, नगरपालिकेची निवडणूक तीन आठवड्यांवर आली आहे. तिचा जीव भांड्यात पडला. मत तुम्हालाच देऊ, ती म्हणाली, पण आमच्या दारापुढच्या नालीचं तेवढं काहीतरी करा.

पुंजारामला कुणाला नाही म्हणता येत नसे. तो म्हणाला, "बघतो."

हा शब्द आपल्याकडे फक्त उमेदवार वापरतात. कडूबाच्या दुकानावर त्यानं पुन्हा हात जोडले, पुन्हा उपकार म्हटलं, तेव्हा कडूबानं गिऱ्हाईकं बाजूला सारून जाहीर केलं की इतका नम्र उमेदवार या वॉर्डानं आजवर पाहिला नाही. दुपारपर्यंत गल्लीला माहीत झालं. संध्याकाळी पुंजारामच्या दारात पंधरा माणसं उभी होती. एकाला रेशनकार्ड हवं होतं, एकाच्या जावयाला नोकरी. पुंजाराम घसा ताणून सांगत राहिला की मी कुठंही उभा नाही. माणसं समजुतीनं माना हलवत होती. पक्का माणूस सुरुवातीला असंच म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी त्यानं फावडं घेतलं आणि द्वारकाबाईच्या दारापुढची नाली स्वतः उपसली. करतो काय? बघतो म्हणून बसला होता. पण मतदानाआधीच नाली उपसणारा उमेदवार म्हणजे भलतंच भयंकर प्रकरण. वॉर्डाचे मेंबर नानासाहेब यांच्या कानावर ही बातमी जेवताना गेली आणि त्यांचा घास घशातच अडकला. तासाभरात त्यांची चार माणसं येऊन उरलेली नाली उपसून गेली. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले आप्पासाहेब कसले मागे राहतात? त्यांनी अंधार पडायच्या आत खांबावर दिवा लावून दिला. सहा वर्षं अर्ज करून जे झालं नव्हतं ते एका माणसाच्या कृतज्ञतेनं एका दिवसात झालं.

या गडबडीत पुंजाराम मुबारकपर्यंत पोचला तो मंगळवारच्या संध्याकाळी. मुबारक दारापुढं बाजेवर बसला होता, फडक्यातला पाय पुढं पसरलेला. पुंजारामचे हात आपसूक जोडले गेले. दोन दिवसांत सवयच लागली होती. तो म्हणाला, "मुबारक, तुझं लई उपकार झालं माझ्यावर."

मुबारकनं कोट पाहिला, तेल पाहिलं, जोडलेले हात पाहिले. "ग्यारा साल में पैली बार मेरे दरवाजे पे आया," तो म्हणाला, "वो बी वोट के वास्ते?" त्यानं पाय बाजेखाली ओढून घेतला, तो ओढताना कळ जी आली ती दातांखाली दाबली, आणि उठून आत जाऊन दार लावलं. पुंजाराम बंद दारापुढं उभा राहिला. पाय बघायला आला होता आणि होता तेवढा पायही लपवला गेला.

बुधवारी नानासाहेब स्वतः आले. खुर्चीवर बसले, सरूबाईचा चहा अर्धा पिऊन ठेवला आणि म्हणाले की पुंजारामभाऊ, माघार घ्या. पुंजाराम म्हणाला, मी फॉर्मच भरलेला नाही. नानासाहेब क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "मग तर माघार घ्यायला अजिबातच अडचण नाही."

बदल्यात काय हवं, नोकरी की प्लॉट, असं नानासाहेब विचारत होते. पुंजारामचं डोकं भणाणलं होतं. त्यानं खरं ते सांगून टाकलं, की मला काही नको, मला फक्त मुबारकचा पाय बघू द्या.

नानासाहेबांचा चेहरा पडला. मुबारक टांगेवाला, म्हणजे या गड्यानं स्टेशनावरचे सगळे टांगेवालेही बांधले! राजकारणात इतकी वर्षं काढून आपल्याला हे सुचलं नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. गुरुवारी सकाळी त्यांनी धाडलेले नगरपालिकेचे लोक पाईप घेऊन आले आणि दुपारपर्यंत पुंजारामच्या दारासमोर, हात लांबवला की लागेल असा, नवाकोरा नळ उभा राहिला. नानासाहेबांनी पुंजारामच्या गळ्यात हार घातला आणि वॉर्डाच्या हितासाठी पुंजारामभाऊंनी माघार घेतल्याचं जाहीर केलं. जिथं तो कधी गेलाच नव्हता तिथून त्याला परत आणल्याबद्दल लोकांनी टाळ्या वाजवल्या. हारातला पुंजाराम मुबारकच्या दाराकडे बघत होता. मुबारकनं दार किलकिलं केलं, नळाकडे पाहिलं आणि पुन्हा लावून घेतलं.

आता तर त्याच्या पाण्याचीही गरज उरली नव्हती.

त्या दुपारी पुंजाराम जेवला नाही. आभार मानायला गेलो आणि माणूस आणखी लांब गेला, हे कसलं आभार मानणं, असं तो सरूबाईला विचारत बसला. सरूबाई भांडी घासत होती. ती म्हणाली, "उपकार झालं म्हनून हिशेब मिटवाया गेला तुमी. परक्याचं आभार मानतेत. घरच्या मानसाला मागतेत. तुमी जन्मात कुनाला काय मागितलंय का?"

तीस वर्षं त्यानं दिलं होतं, आणि देणाऱ्याचा हात वर असतो हे त्याला आतून आवडत आलं होतं. मागायचं म्हटलं की त्याची जीभ जड व्हायची. भिंतीपलीकडच्या माणसालाही नेमका हाच रोग होता. पाय कुजत चालला होता पण 'पुंजाराम, बघ रे' एवढं त्याच्या तोंडून निघत नव्हतं. दोघं एकाच वॉर्डातले पेशंट, आणि पुंजाराम स्वतःला ड्रेसर समजत होता.

शुक्रवारी सकाळी नळाला पाणी आलं. निम्मी गल्ली हंडे-कळश्या घेऊन पुंजारामच्या दारात जमली होती. पुंजाराम बंडी घालून, बिनकोटाचा, बिनतेलाचा बाहेर आला. त्याच्या हातात रिकामा तांब्या होता. लोकांनी त्याच्यासाठी जागा केली. तो नळाच्या धारेला वळसा घालून पुढं गेला आणि त्यानं मुबारकच्या दाराची कडी वाजवली.

मुबारकनं दार उघडलं. पुंजारामनं तांब्या पुढं केला. "पानी दे," तो म्हणाला. एवढं म्हणायला त्याला जखम उघडण्यापेक्षा जास्त धीर लागला.

मुबारकनं त्याच्या खांद्यावरून नळाकडे पाहिलं. "तेरे दरवाजे पे नल हय."

"हाय."

"पानी बी आ रा."

"येतंय की."

"फिर?"

"मला तुझ्या घरचं पायजे."

नळावरच्या बायका थांबल्या. कळशी भरून वाहायला लागली तरी कुणाचं लक्ष नव्हतं. मुबारक तांब्या घेऊन लंगडत आत गेला आणि माठातलं पाणी भरून घेऊन आला. पुंजारामला तहान अजिबात नव्हती. त्यानं उंबऱ्यात उभ्याउभ्या सगळा तांब्या रिचवला, तोंड पुसलं, आभाराचा शब्द काढला नाही, आणि रिकामा तांब्या पुन्हा पुढं केला.

"और?"

"व्हय."

दुसरा तांब्या त्यानं कसाबसा पोटात ढकलला. तिसऱ्याला त्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली, पाणी हनुवटीवरून बंडीत गळायला लागलं, तरी तो पीत होता. मुबारकचे ओठ थरथरले. त्यानं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण अकरा वर्षांचं साठलेलं ते कुठं दाबतंय. "पेट हय के हौद?" तो म्हणाला आणि हसता हसता बाजेवर बसला. हसू ओसरलं तरी तो उठला नाही. मग त्यानं डावा पाय हळूच पुढं सरकवला.

"पुंजा," तो म्हणाला, "इसकू जरा देख ना."

पुंजाराम खाली बसला. फडकं जखमेला चिकटलं होतं, ते त्यानं पाण्यानं भिजवून भिजवून सोडवलं. आतलं चांगलंच चिघळलं होतं, पण त्यानं पायाचा अंगठा दाबला, सोडला, आणि कातडीवर रंग हळूहळू परत येताना पाहिला. रक्त पोचत होतं. पाय वाचणार होता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत, हात गुंतले होते.

मुबारकनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पुंजारामनं वर न बघताच त्याला गप्प केलं. "बोलू नगं काय. उद्या परत पानी प्यायला येनार हाय मी."

"कित्ते दिन?"

"रोज," पुंजाराम म्हणाला, आणि जखम धुवायला लागला.