ताकातली पूड

सन्मती मोरीजवळच्या डब्यापुढं उकिडवी बसली होती. तिच्या तळहातावर कॅप्सूलची रिकामी टरफलं होती.

"आई, ह्ये काय गं?"

राजमतीबाईंनी भाकरी थापता थापता मान वळवली आणि त्यांचा चेहराच उतरला.

दिवाळीपासून सन्मतीची छाती धडधडत होती. शिलाई मशीनवर बसलं की दरदरून घाम फुटायचा. आई मात्र रोज दुपारी न चुकता ताकाचा पेला पुढं करायची, आणि एवढ्या वर्षांनी आपले लाड होताहेत म्हणून सन्मती मनातून सुखावायची.

"ताकात घालत हुतीस?"

"पारसनं दिलं," सन्मतीच्या चुलतभावाचं नाव पुढं करत राजमतीबाई पुटपुटल्या. "सांगलीला त्याच्या जिममधी मिळतंय बारीक व्हायला. आजून उंदरांवर तपासनी चालू हाय म्हनं, पर ती लय बारीक झाली. उद्या आटपाडीची मानसं तुला बघाय येनार, आन् तू ही आशी…"

"मग टरफलं का काढलीस?"

"आगं, ती हाडापासनं करत्यात! आपल्यात कसं चालंल?"

राजमतीबाईंच्या जैन घरात कधी कांदा-बटाटा आला नव्हता. दिवस मावळल्यावर त्या पाणीसुद्धा पीत नसत. सन्मतीला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की डोळेच भरले.

"वाटंतली मुंगी वलांडून जातीस तू. माझ्या जिवाचं काय, आई?"

तव्यावरची भाकरी करपली.

पाहुण्यांसाठी आईच्या हट्टानं बेतलेला घट्ट ब्लाउज सन्मतीनं त्याच दुपारी बगलेत उसवला आणि अंगाला होईल असा पुन्हा शिवला.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या मावशीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फोटूत बारीक दिसत हुती की."

"फोटू जुना हाय, मावशी. मी आशीच हाय आन् आशीच ऱ्हानार," सन्मती म्हणाली आणि स्वतःच्या बशीत आणखी पोहे वाढून घेतले.

पाहुणे चहा न घेताच उठले.

ऊन उतरायच्या आत मायलेकी जेवायला बसल्या. राजमतीबाईंनी सवयीनं ताकाचा पेला लेकीपुढं ठेवला. सन्मतीनं तो परत सरकवला. तेव्हा कधी कुणाला उष्टं न देणाऱ्या त्या बाईनं स्वतःच एक घोट घेतला आणि पेला पुन्हा लेकीपुढं धरला.

सन्मतीनं क्षणभर त्या पेल्याकडं पाहिलं. मग ती उठली, दुसरा पेला धुतला आणि आपलं ताक आपल्या हातानं ओतून घेतलं.

"भाकरी वाढ," ती म्हणाली. "दोन वाढ."