तातडीने कळवायचा नंबर

आजोबांना खुर्चीतून उठवायचंच, असा विडा तुडतुडीने उचलला होता. चाळीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढून घरोघरी तारा पोचवणारा हा माणूस निवृत्त झाल्यापासून त्या खुर्चीत असा रुतला होता, की आता खुर्ची कोण आणि आजोबा कोण ते लांबून ओळखू येत नसे. गल्लीच्या टोकाला छंदकेंद्र होतं. तिथे सोमवारपासून मातीकामाचा वर्ग सुरू होणार होता आणि नावनोंदणी शनिवारी संध्याकाळी बंद. तुडतुडीने आठवडाभर कानीकपाळी ओरडून पाहिलं. या वयात चिखल कालवायची मला हौस नाही, एवढं बोलून आजोबा पेपरात तोंड घालायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

केंद्राचा नावनोंदणीचा प्रोग्रॅम तिच्याच आईने लिहिला होता, आणि वर्गाच्या आधीच्या सोमवारी त्यातला एक तुकडा आईने चक्क तिच्यावर सोपवला. तेव्हापासून तुडतुडीचे पाय जमिनीवर नव्हते. तसे ते आधीही फारसे नसत, उगाच का आजोबांनी हे नाव ठेवलं होतं!

झालं होतं असं, की काही लोक फॉर्म जात नाही म्हणून कुरकुरत होते, असा केंद्राच्या बाईंचा फोन आला. पण आईच्या यादीत त्यांचा मागमूस नव्हता. नसणारच. नोंदणी म्हणजे तीन कामं: यादीत नाव लिहायचं, मातीकामाचं एक चाक राखून ठेवायचं, आणि काही झालं तर तातडीने कोणाला कळवायचं त्याचा नंबर जोडायचा. तिसरं फसलं तर आधीची दोन्हीही पुसली गेली पाहिजेत, नाहीतर ते चाक अर्धवट नाव नोंदवलेल्या माणसासाठी बिचारं अडून बसेल. झाली तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. याला आई ट्रान्झॅक्शन म्हणायची. गंमत म्हणजे ही पुसापुशी आईने स्वतः कुठेच लिहिली नव्हती. त्या कामाच्या डोक्यावर @ चिन्हाने सुरू होणारी एक ओळ ठेवली होती, तिला म्हणतात अ‍ॅनोटेशन.

"दारावर पाटी लावायची," आईने समजावलं, "उरलेलं रखवालदार बघतो."

रखवालदार म्हणजे ज्या तयार चौकटीवर तिचा प्रोग्रॅम उभा होता, ती. तो पाटी वाचतो, कामाला आत सोडतो आणि बिनसलं तर सगळं होतं तसं करून ठेवतो.

तुडतुडीने करायची होती ती फसलेल्या फॉर्मांची नोंद: किती वाजता, कोणाच्या नंबरावरून, कुठे अडलं. ही नोंद मात्र बाकीच्यांबरोबर पुसली जाता कामा नये, म्हणून तिची पाटी निराळी: माझं ट्रान्झॅक्शन स्वतंत्र, शेजाऱ्यांचं काही का होईना.

हात्तिच्या, म्हणत तुडतुडीने अर्ध्या तासात लिहून टाकलं. मुद्दाम चुकीचा फॉर्म भरून पाहिला. नोंद नाही. परत भरला. नाही. पाटी तर ढळढळीत लावलेली होती, शब्दन्‌शब्द बरोबर! मंगळवार गेला, बुधवार गेला, पण आईला विचारायला नाक मध्ये येत होतं. शेवटी गुरुवारी शाळेतून आल्यावर ते नाक मुठीत धरून ती शरण गेली.

आईने दोन मिनिटं वाचलं आणि हसायलाच लागली. नोंदणीचं काम आणि नोंद ठेवायचं काम, दोन्ही तुडतुडीने एकाच क्लासमध्ये, म्हणजे एकाच घरात ठेवली होती आणि एकाने दुसऱ्याला आतल्या आत हाक मारली होती.

"रखवालदार बाहेरच्या दारात उभा असतो गं," आई म्हणाली. "स्वयंपाकघरातून खोलीत जाताना कोणी त्याच्यासमोरून जातं का? तुझी पाटी त्याने पाहिलीच नाही."

म्हणून ती नोंदही बाकीच्या कामातच धरली गेली आणि बाकीच्यांबरोबर पुसली गेली. तुडतुडीचा चेहरा एवढासा झाला. तशी आईने तिची वेणी ओढली. हीच चूक मीही केली होती, म्हणाली, आणि मला तर त्याचा पगार मिळत होता.

मग नोंदीला स्वतःचं घर मिळालं, स्वतःचं दार मिळालं. चुकीचा फॉर्म भरला, आणि नोंद उमटली! त्याच संध्याकाळी आईने ते केंद्राच्या प्रोग्रॅमात चढवलं.

शुक्रवारी दप्तर सोफ्यावर भिरकावून तुडतुडीने यादी उघडली. चार नोंदी. चारही मातीकामाच्या, चारही सकाळी अकरा ते बाराच्या मधल्या, चारही तिसऱ्याच पायरीवर अडलेल्या. आणि चारही एकाच नंबरावरून. तो नंबर तिला तोंडपाठ होता. हरवलीस तर हा सांगायचा, म्हणून बालवाडीत जायच्या आधी तिने घोकलेला नंबर.

तिने आईला बोलावलं. अडलं होतं ते साधंच. अर्ज करणाऱ्याचा आणि तातडीने कळवायचा नंबर एकच असेल तर प्रोग्रॅम नाही म्हणत होता आणि कारण न सांगता फक्त 'फॉर्म अपूर्ण' एवढंच दाखवत होता. आईने कपाळाला हात लावला. तुडतुडी आजोबांच्या खोलीकडे सुटणार, तोच आईने तिचा दंड धरला.

"नोंद चूक सुधारायला आहे. माणसाला चिडवायला नाही."

म्हणून तुडतुडी शहाण्या मुलीसारखी गेली. म्हणाली, आजोबा, माझा फॉर्म कोणीतरी भरून बघायला हवाय, खोटा खोटा. आजोबांनी खूप उपकार केल्यासारखा टॅब घेतला. पण कुठला रकाना कुठे आहे हे त्यांना न शोधता सापडत होतं. नाव झालं, वर्ग निवडून झाला, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःचाच नंबर घातला.

"इथेच अडतं बघ हे नेहमी," ते म्हणाले, आणि मग एकदम चष्मा पुसायला लागले.

तुडतुडीने ओठ घट्ट मिटून ठेवले. तिच्या आयुष्यातलं आजवरचं सर्वात अवघड काम हेच असेल. मग हळूच विचारलं, इथे दुसऱ्या कोणाचा का नाही लिहीत?

"आधी तुझ्या आजीचा लिहायचो." आजोबांनी चष्मा चढवला. "आता तुझ्या आईच्या मागे ऑफिसची धावपळ, तुझी शाळा. पडलो-झडलो तर माझं मी बघेन की. कोणाला कशाला घोर?"

तुडतुडीने टॅब ओढून घेतला. त्यांचा नंबर खोडला, आपला लिहिला.

"शाळेत फोन बंद असतो ना तुझा?"

"तीनला चालू करते. तोवर धीर धरून पडा."

आजोबा खो खो हसले. किती दिवसांनी! आणि त्या हसण्यातच, खोटं खोटं वगैरे विसरून, त्यांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. नाव, चाक, नंबर. तिन्ही एकदम.

सोमवारी तीनला तुडतुडीने शाळेच्या फाटकात फोन चालू केला, तर आजोबांचे दोन मिस्ड कॉल. तिने लगेच फोन लावला.

"आजोबा, काय झालं?"

"वाडगं केलं. पार वाकडं झालंय," आजोबांचा आवाज नुसता उतू जात होता. "म्हटलं तातडीने कळवावं."