आगाऊ नमस्कार

परदेशात येऊन सात वर्षं झाली, तरी तिथल्या गावाच्या घोडेस्वारीच्या दिवशी शिंपीणबाईंचं काम एकच: फुटपाथवर उभं राहून लोकांचे कोट सांभाळायचे. वर्षातून एकदा निम्मा गाव घोड्यांवर बसून पुलापलीकडच्या माळावर जत्रेला जायचा. निम्म्यांच्या विजारी बाईंनीच शिवलेल्या. आणि बाई? मागच्या बसने, डबा मांडीवर घेऊन.

यंदा त्यांनी ठरवलं, जायचं ते घोड्यावरूनच.

"अगं, गुडघे दुखतात म्हणून तू जमिनीवर बसत नाहीस," नवरा म्हणाला, "आणि घोड्यावर?"

"जमिनीवरून उठावं लागतं. घोड्यावरून नुसतं पडलं तरी भागतं."

तीन महिने दर रविवारी त्या शिकल्या. रिंगणात तबेलेवाली दोरी धरून घोडी चालवायची, म्हणून टाच मारायची वेळच आली नव्हती. ती आली थेट त्या दिवशी, पुलाच्या तोंडाशी. पोलिसाने गाड्या अडवल्या होत्या. शेवटचा स्वार पार झाला की पूल मोकळा. मागे राहील त्याने बस धरायची.

"टाच द्या!" पुढून तबेलेवाली ओरडली.

बाईंनी टाच दिली. घोडी दोन पावलं चालली. आणि बाईंचा हात आपोआप खाली गेला, घोडीच्या मानेला लागला, मग स्वतःच्या कपाळाला. पाय लागला की नमस्कार. पन्नास वर्षांचं वळण. पण घोडीला वेगळं वळण होतं: मानेला हात लागला की थांबायचं. ती थांबली. पुन्हा टाच, दोन पावलं, नमस्कार, थांबा.

रांग पुढे निघून गेली. यंदा कोट नवऱ्याच्या हातात होते.

"वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच गं! टाच मारतेयस की पूजा करतेयस?"

बाईंचे डोळे भरलेले दिसले, तसा तो दोन पावलं पुढे आला. पोलीस घड्याळ बघत होता.

एकाएकी बाई खाली उतरल्या. हरली बिचारी, असं वाटून पोलिसाने शिट्टी तोंडाला लावली. बाईंनी त्याला हातानेच थोपवलं, घोडीसमोर गेल्या आणि वाकून तिच्या पुढच्या पायांना हात लावला.

"बाई गं, माळापर्यंत माझा पाय तुला शंभरदा लागेल. सगळ्यांचा मिळून हा एकच घे. आगाऊ."

घोडीने त्यांचे केस हुंगले. नवऱ्याने कोट कठड्यावर टाकले आणि गुडघा पुढे केला. "चढ."

"तुमच्या गुडघ्यावर पाय देऊ?"

"त्याच नमस्कारात माझाही धर. चढ लवकर, तो शिट्टी मारेल."

टाच बसली, घोडी निघाली. हात उठलाच, बाईंनी त्याने खोगीर घट्ट धरलं. घोडी चालत राहिली.

पुलाच्या मध्यावर शेवटचा स्वार, कोपऱ्यावरचा पाववाला, मागे वळून थांबला होता.

"या, इथे या शेजारी," तो म्हणाला. "तुम्ही शिवलेली विजार मला छान बसलीय हो, बाई!"

"मग ताठ बसा," बाई म्हणाल्या. "असं वळलात तर उसवेल."