गाव नसलेला नंबर

मित्रांनो, मला आता फारसं कोणी ओळखत नाही, म्हणून आधी नाव सांगतो. मी एसटीडी बूथचा मीटर. एके काळी रस्त्यारस्त्यावर पिवळ्या पाट्या असायच्या. पाटीखाली काचेची एक खोली, खोलीत फोन, आणि खोलीबाहेर मालकाच्या टेबलावर लाल आकडे दाखवणारा करड्या रंगाचा डबा. तो डबा म्हणजे मी. आज अंगावर धूळ आहे, एक कोपरा फुटला आहे. पण रडगाणं गायला बसलेलो नाही. मी फार मानानं जगलो, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी नाजूक हातांनी माझ्या तारा जोडल्या, पोटात कागदाची गुंडाळी बसवली आणि तपासून तपासून मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्यात, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. उघडणाऱ्याचं नाव तुळशीदास. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्याचा एक पाय बारीक राहिला होता. अपंगांसाठी राखलेल्या बूथपैकी एक त्याला मिळाला. शेतातली कामं त्याला जमत नव्हती, म्हणून घरात त्याची गणती कुठंच होत नव्हती. माझ्यामुळे तो एकदम गावातला महत्त्वाचा माणूस झाला. त्यानं मला नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. हळदीचा एक ठिपका माझ्या बटणाच्या फटीत गेला, तो शेवटपर्यंत निघाला नाही.

माझं काम सोपं होतं. फोन लागला की एक्स्चेंजमधून तारेवरून ठोका यायचा, आणि एका ठोक्याला मी एक आकडा पुढे सरकवायचो. जवळच्या गावाला ठोके सावकाश, लांबच्या गावाला भरभर. नंबराच्या सुरुवातीवरून गाव कळायचं. शून्यवीस म्हणजे पुणं, शून्यबावीस म्हणजे मुंबई. नंबर फिरवायला लागलं की मला कळायचं, आज कुठं जायचंय. मी डिंगोरं कधी सोडलं नाही, पण मला सारा मुलूख ठाऊक होता.

आणि आमच्याकडची बोलायची रीत काय सांगू! कामाचं बोलणं सगळ्यात शेवटी. आधी पाऊसपाणी, मग म्हैस व्याली का, मग म्हाताऱ्याचा खोकला, मग ज्याला फोन केला त्याच्या शेजाऱ्याची चौकशी. तुळशीदास काचेवर टकटक करून आकड्याकडे बोट दाखवायचा. आतला माणूस मान हलवायचा आणि पुन्हा म्हशीपासून सुरू करायचा. कुणी बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे दारात आलेल्या पावण्याच्या तोंडावर दार लावणं, असा इकडचा हिशेब. भायखळ्याच्या बाजारातले टोमॅटोचे भाव माझ्यासमोर ठरले. दहावीचे निकाल आले, पोरं झाल्याच्या बातम्या आल्या. माझा आकडा बघायचा, चिठ्ठी घ्यायची, पैसे द्यायचे. कुणी कधी प्रश्न विचारला नाही. डिंगोऱ्यात माझा शब्द शेवटचा होता.

तो शब्द एकदा खोटा ठरायची वेळ आली. तीच गोष्ट सांगतो.

गावातल्या बायकांच्या बचत गटानं मिरची कांडायचं यंत्र घेतलं होतं. गटाची प्रमुख साळुबाई. शिकलेली बेताची, पण शब्दाला पक्की. उन्हाळा लागला, घरोघर वर्षाचा मसाला करायची घाई सुरू झाली, आणि ऐन त्या वेळी यंत्र बंद पडलं. मिरच्यांच्या पिशव्या घेऊन बायका ओळीनं बसलेल्या. यंत्राच्या अंगावर कंपनीचा चकचकीत स्टिकर होता. त्यावर हसऱ्या बाईचं चित्र, कानाला फोन, आणि खाली लिहिलेलं, ग्राहकांच्या सेवेसाठी, साऱ्या देशात एकच नंबर.

साळुबाई तो नंबर कागदावर उतरवून आली. सोबत प्रयागबाई. ही गटातलीच, पण यंत्र घेण्याच्या विरोधात होती, त्यामुळे यंत्र बंद पडल्याचा तिला थोडा आनंदही होता. सेवेचा नंबर म्हणजे फुकटच असणार, असं दोघींनी वाटेतच ठरवून टाकलं होतं. तुळशीदासालाही तसंच वाटलं. साळुबाईनं नंबर फिरवला आणि मी चक्रावलो. मित्रांनो, त्या नंबराला गावच नव्हतं. ना पुणं, ना मुंबई, ना नाशिक. सुरुवातीचे आकडे कुठल्याच मुलखाचे नव्हते.

फोन लागला. पलीकडून एक बाई गोड हिंदीत बोलू लागली. ती बाई म्हणजे टेप होती, पण साळुबाईला काय माहीत? ती प्रत्येक वाक्याला "हां बाई, बोला" म्हणत राहिली. मग थांबायला सांगून त्या बाईनं संगीत लावलं. आणि संगीत कसलं, तर देवाच्या आरतीची चाल.

साळुबाईनं चपला काढून बाहेर सरकवल्या. पदर डोक्यावर घेतला. फोन खांद्याशी दाबून धरला, हात जोडले आणि डोळे मिटले. आरती संपली, तशी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तुळशीदास काचेवर टकटक करू लागला. साळुबाईनं डोळे न उघडताच त्याला थांब म्हणून खूण केली. आरती अर्धी टाकून कसं जायचं? इकडे तारेवरून ठोके येत होते, पाठोपाठ, एकाला लागून एक. एवढे ठोके मी दुबईच्या फोनलाच पाहिले होते. मी मोजत राहिलो. माझं कामच ते. शेवटी काहीतरी खट्ट झालं आणि फोन आपोआप तुटला.

चिठ्ठी निघाली. त्या पैशात घरात महिन्याचं गोडेतेल आलं असतं. साळुबाईनं चिठ्ठी उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. मग शांतपणे म्हणाली, "तुळशीदासा, मी बोलले कुनाशी? कुनाशीच न्हाई. मग पैसं कशाचं?"

तुळशीदासानं चिठ्ठीवरचा आकडा माझ्या आकड्याशी ताडून पाहिला. तो माझ्याकडे बघत राहिला. साळुबाईनं गटाच्या पेटीला हात न लावता कनवटीचे पैसे मोजले आणि गेली. प्रयागबाई मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. तुळशीदासानं मीटर पळवलाय, आतून काहीतरी कळ फिरवलीय, हे तिनं संध्याकाळपर्यंत डेअरीपासून गिरणीपर्यंत पोहोचवलं. डेअरीवर दूध मोजणारा बहिरू. त्याला आयता विषय मिळाला. बूथवरून जाताना तो मोठ्यानं म्हणाला, "मालक लंगडा, पन मीटर लई पळतोय राव."

तुळशीदासाला पायावरून बोलणी नवी नव्हती. तो अशा वेळी स्वतःच हसायचा. त्या दिवशी हसला नाही. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि मला हातात घेतलं. मला वाटलं, पुसतोय. पण त्यानं मला कानाशी धरून हलवलं, पाठीवर थापट्या मारल्या, स्क्रू काढून आत डोकावून पाहिलं. मित्रांनो, गावानं संशय घेतला याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. तुळशीदासानं घेतला, ते लागलं. एक्स्चेंजचा माणूस येऊन तपासून गेला. मीटर ठणठणीत आहे म्हणाला. पण तो तुळशीदासाच्या ओळखीचा, म्हणून त्याचंही कुणी खरं धरलं नाही. लोक एसटीनं ओतूरला जाऊन फोन करू लागले. बूथवर माशा बसू लागल्या. घरी तुळशीदासाचा भाऊ पुन्हा म्हणू लागला, की याच्या हातून काही व्हायचं नाही.

साळुबाई रोज येताजाता हे बघत होती. एका सकाळी, रस्त्याला वर्दळ असताना, ती सरळ बूथसमोर येऊन उभी राहिली. मागं तिचा गट, आणि गटामागं काय होतंय ते बघायला आलेले बाकीचे. बहिरूही होता.

"माझ्यामुळं तुझं नाव गेलं," साळुबाई तुळशीदासाला म्हणाली. "तू चोर असशील तर समद्यांसमोर ठरू दे. नसशील तर ते बी समद्यांसमोर ठरू दे. लाव तोच नंबर."

तुळशीदासानं मला उचलून दाराबाहेर स्टुलावर ठेवलं, तोंड रस्त्याकडे. मी इतक्या माणसांसमोर कधी आलो नव्हतो. फोनचा स्पीकर लावला. होईल ते बिल आपलं, असं त्यानं आधीच सांगून टाकलं. पहिल्यांदा त्यानं मुंबईचा नंबर लावला, भायखळ्यातल्या गाळ्यावरचा. गाळेवाला भाव सांगत होता आणि माझे आकडे चढावरच्या बैलासारखे, एक पाऊल टाकून दम घेत चालले होते. सगळ्यांनी बघितलं. मग त्यानं तो गाव नसलेला नंबर फिरवला. टेपवरच्या बाईचा नमस्कार पुरा व्हायच्या आत माझे आकडे ससे सुटावेत तसे सुटले.

"आगं बया," प्रयागबाई म्हणाली, "ही नुसता रामराम घालायचं पैसं घेती?"

एवढ्यात आरतीची चाल सुरू झाली. बहिरूचा हात आपोआप टोपीकडे गेला. बायकांनी पदर सावरले, दोघीतिघींनी हात जोडलेसुद्धा. साळुबाई वळली आणि म्हणाली, "हात खाली घ्या. ही आरती देवाची न्हाई. आपून उभं ऱ्हावं आन् हेंचा मीटर चालावा म्हनून लावलीया."

सगळे माझ्याकडे बघत होते. चोर कोण ते त्यांना कळत होतं, आणि तो डिंगोऱ्यात राहत नव्हता. तुळशीदास फोन तोडायला निघाला, पण साळुबाईनं त्याचा हात धरला. यंत्र अजून बंदच होतं. तेवढ्यात खराखुरा माणूस फोनवर आला. तक्रार क्रमांक सांगा म्हणाला. साळुबाईनं तक्रार सांगितलीच नाही. तिनं आमच्या रीतीनं सुरुवात केली. "बाळा, गाव कुठलं तुमचं?"

पलीकडचा आवाज बदलला. "निरगुडसर, मावशी. आंबेगाव तालुक्यातलं."

"मंग आपलंच की रं. आन् बसतोस कुठं?"

"पुण्याला. हडपसरला ऑफिस हाय."

"मंग तुझ्या टेबलावरच्या फोनला पुण्याचा नंबर आसंल की. त्यो दे. ह्यो नंबर लई खातोय बाबा, आमच्याच्यानं परवडत न्हाई."

तो घुटमळला. आवाज खाली करून म्हणाला, "मावशी, त्यो द्यायची परवानगी न्हाई. ह्या नंबरचं पैसं कंपनीला बी जात्यात. तुमी स्पीकरवर तर नाय ना?"

साळुबाईनं भोवती उभ्या असलेल्या अख्ख्या गर्दीवर नजर फिरवली आणि म्हणाली, "न्हाई बाळा. मी एकलीच हाय."

प्रयागबाईनं तोंडावर पदर धरला. डिंगोऱ्याच्या त्या रस्त्यावर त्या घडीला खरं बोलणारा मी एकटाच होतो.

त्यानं नंबर दिला. शून्यवीसनं सुरू होणारा, गाव असलेला, इमानदार नंबर. तुळशीदासानं तो लावला, आणि पुढचं सगळं बोलणं माझ्या सावकाश चालीवर झालं. त्यात साळुबाईनं त्या पोराच्या आईची तब्येतही विचारली. गुरुवारी मेकॅनिक आला. यंत्राचा पट्टा बदलला आणि दुपारपर्यंत अख्ख्या आळीला शिंका येऊ लागल्या. प्रयागबाईनं आपली मिरची पहिली पुढे केली, हे सांगायला नकोच.

बहिरू दुसऱ्याच दिवशी फोन करायला आला. माफी वगैरे मागणं त्याच्या स्वभावात नव्हतं. फोन झाल्यावर तो माझ्यासमोर वाकला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा माझा आकडा वाचला, आणि तेवढे पैसे तुळशीदासाच्या हातावर ठेवले. सुट्टे परत घेताना तुळशीदासाला भाऊ म्हणाला. याआधी तो त्याला कधी भाऊ म्हणाला नव्हता.

पुढे दिवस बदलले. खिशाखिशात मोबाईल आले. पिवळ्या पाटीचा रंग उडाला, काचेची खोली निघाली. तुळशीदासानं रिचार्जचं दुकान टाकलं, ते बरं चालतं. मी त्याच्या मागच्या फळीवर आहे. मध्यंतरी भंगारवाला आला होता. जुन्या बॅटऱ्या, वायरी, सगळं त्यानं उचललं आणि माझ्याकडे हात केला. तुळशीदासाची लेक अमृता मला उतरवायला स्टुलावर चढली. तुळशीदासानं तिला थांबवलं.

"त्यो राहू दे," तो म्हणाला. "त्यानं माझ्यासाठी साक्ष दिलीया."

मित्रांनो, मला याहून मोठं बक्षीस नको. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. मी होतो तोवर तुमचे पैसे जाताना लाल आकड्यांत दिसत तरी होते. आता तुमच्या खिशातला फोन आकडा दाखवत नाही. पाकिटावर, डब्यावर, टीव्हीवर हसऱ्या बाईशेजारी एखादा नंबर दिसला, तर तो फिरवायच्या आधी त्याचं गाव विचारा. मिनिटाला काय पडतं ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. साळुबाईनं विचारलं, म्हणून एका माणसाचं नाव राहिलं. आणि ज्या यंत्रांनी तुमच्यासाठी इमानानं काम केलं, ती बंद पडली तरी त्यांच्यावर अधूनमधून फडकं फिरवत जा. आमच्या पोटात आता वीज नसते, पण दुकानात कुणी शिरलं की आम्हाला अजूनही वाटतं, कुणाला तरी कुठंतरी बोलायचं असेल.